सायकल मिळाली, पाना कुणाकडे?

‘रस्ते धोक्याचे झालेत, मुलीला सायकलवर पाठवायचं कसं?’ प्रत्येक बैठकीत मी हा प्रश्न ऐकते. त्याच घरातला मुलगा त्याच रस्त्याने सायकल दामटतो, तेव्हा मात्र रस्ता धोक्याचा नसतो! या काळजीवर माझा विश्वास नाही. काळजी खरी असती तर कुणीतरी मुलीच्या सायकलचे ब्रेक तपासले असते.

मैत्रिणींनो, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बाया सायकल शिकल्या. पुरुषांनी टोमणे मारले, तरी शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळाले आणि शाळेतल्या मुली वाढल्या. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या. चांगलंच झालं. पण पंक्चर काढायला त्यांना कुणी शिकवलं? सायकल मुलीची आणि पाना बाप्याच्या हातात! मग भावाला वेळ नाही, दुकान दुसऱ्या गावात, सायकल भिंतीला टेकलेली आणि मुलगी घरी. शाळा बुडायला एक बाभळीचा काटा पुरतो.

शिलाई मशीनला तेल घालणाऱ्या बाईला यात अवघड काय आहे? निघताना टायर अंगठ्याने दाबा. सहज दबला तर हवा भरा. दोन्ही ब्रेक दाबून पाहा. लिव्हर मुठीला टेकला तर ब्रेक सैल आहे. रबरावरच्या खाचा झिजल्या की रबर बदला. चेनला मशीनचं तेल थेंबाथेंबाने घाला, वरचं फडक्याने पुसा, रिमला मात्र तेल लागू देऊ नका. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट वर घ्या, गुडघे वाचतील. ओढणी-पदर खोचा, चेनकव्हर काढून टाकू नका. मागे लाल रिफ्लेक्टर आणि अंधारात दिवा हवाच. वळणाऱ्या ट्रकच्या, एस.टी.च्या डाव्या अंगाला कधीही घुसू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

पंक्चर काढताना फुगवलेली ट्यूब पाण्यात धरा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. ती जागा कोरडी करून काचकागदाने घासा, सोल्यूशन लावून जरा वाळू द्या, मग पॅच दाबून बसवा. टायरमधला काटा शोधून काढल्याशिवाय ट्यूब परत घालू नका.

काही कार्यकर्त्या म्हणतील, हिंसाचाराचे, हुंड्याचे प्रश्न असताना हे पान्याचं काय काढलंत? मी म्हणते, पोलीस चौकी, दवाखाना, ग्रामसभा, सगळीकडे आधी पोचावं लागतं. जिचं जाणं-येणं दुसऱ्याच्या मर्जीवर, तिचे हक्क कागदावरच राहतात.

आणि रिफ्लेक्टर लावला म्हणून खड्डे बुजत नाहीत. शाळेच्या वाटेवर दिवे आणि सायकलीपुरती धड कड मागायला ग्रामपंचायतीवर, नगरपालिकेवर जायलाच हवं. तोवर प्रत्येक गटाने एक पेटी करावी : पंप, पाने, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच, सोल्यूशन, तेल. पुढच्या शिबिरात भाषण एक कमी ठेवा आणि प्रत्येकीला एक पंक्चर काढायला लावा. हात काळे होतील. होऊ द्यात!