हुकूम चार तासांत, हक्क पुराव्यानिशी

"कोरोनाचं काय घेऊन बसलीस आता? संपलं ते!" परवा भिशीत एकीनं मला सुनावलं. एका अर्थी तिचं बरोबर आहे. मास्क कपाटाच्या तळाशी गेले, सॅनिटायझरच्या बाटल्यांमध्ये कुणी मनीप्लांट लावले. पण तेव्हा विधवा झालेल्या बायकांबरोबर तहसील कचेरीत खेटे घालून आलेय ना, त्यामुळे मला ते तितकंसं संपल्यासारखं वाटत नाही.

मानवी हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोठडी, मोर्चे, संयुक्त राष्ट्रसंघ असलं काहीतरी लांबचं येतं. टाळेबंदीत हा शब्द पार सोसायटीच्या गेटपर्यंत आला होता. आपल्याला तो ओळखू आला नाही, इतकंच.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि बारा वाजता देश बंद झाला. मध्ये चार तास. संसर्ग थोपवायला माणसांना घरात ठेवणं गरजेचं होतं, हे मला मान्य आहे. दवाखान्यात खाटा नव्हत्या, आजार नवा होता. पण ज्या कायद्यांच्या जोरावर हे झालं, ते जरा बघू या. एक होता २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्याच्याकडे नंतर येते. दुसरा १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी इंग्रजांनी घाईघाईनं केलेला. मूळचा अवघा चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करता येतील, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि हे उपाय करणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, हा त्याचा सारांश. ज्याला कोंडून ठेवायचं त्याला काय मिळेल, याबद्दल एक ओळ नाही.

या कायद्याची झळ पुण्याच्या बायकांना पहिल्यांदा बसली. गोरे सोजीर घरात, देवघरात शिरत. रँडचा खून आपण शाळेत शिकलो, पण त्याच वर्षीची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितलं, की सैनिकांनी बायकांवर अत्याचार केले आहेत. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. अहो, त्या काळात कुठल्या घरची बाई पुढे येऊन 'माझ्यावर असं झालं' म्हणून सांगणार होती? पंडिता रमाबाईंनीही त्या वर्षी प्लेगच्या इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात लिहिलं होतं. म्हणजे बोलणारे होते. पण घरात शिरायला सोजिराला पुरावा लागला नाही आणि तक्रार करायला मात्र लागला.

हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यावं, तर २०२० मध्ये तेच. पायी गावी निघालेले मजूर आठवतात ना? ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेले सोळा जण मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशात घरी चालले होते बिचारे. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. ते सोळा निदान मोजले तरी गेले. त्या सप्टेंबरात लोकसभेत विचारणा झाली, की टाळेबंदीत घरी परतताना किती मजूर मेले आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली का? सरकारचं उत्तर होतं, की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच येत नाही. मला हे वाक्य तेव्हापासून छळतं. कसं सरळ गणित आहे बघा! मोजायचं काम सरकारचं, ते केलं नाही, आणि त्याचा तोटा मेलेल्याच्या बायकोला.

आता आपत्ती व्यवस्थापन कायद्याकडे येते. त्या वेळच्या या कायद्यात बारावं कलम होतं. आपत्तीत सापडलेल्यांना किमान कुठली मदत मिळाली पाहिजे, ते ठरवायला सांगणारं. निवारा, अन्न, पाणी, औषधपाणी. त्यात 'विधवा आणि अनाथ' यांच्यासाठी विशेष तरतूद करा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मृत्यूबद्दल सानुग्रह मदतीचाही उल्लेख होता. म्हणजे या कायद्यात फक्त हुकूम नव्हते, हक्कही होते. पण हुकमांची कलमं चार तासांत जागी झाली आणि हे कलम जागं करायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ३० जून २०२१ ला न्यायालयानं सांगितलं, की ही मदत ठरवणं सरकारवर बंधनकारक आहे. तोवर पंधरा महिने उलटले होते. मग पन्नास हजार रुपये ठरले.

पन्नास हजार ठरले खरे, पण ते हातात पडायचे तर नवरा कोरोनानंच गेला हे दाखवायला हवं. माझ्याबरोबर एक तिशीच्या आतली मुलगी यायची. नवरा टेंपो चालवायचा. एप्रिल २०२१ मध्ये खाट शोधता शोधता तिसऱ्या दवाखान्याच्या दारात गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नाही. तपासणीचा अहवाल आला होता नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल दिरानं औषधांची उधारी फेडायला विकून टाकलेला. प्रयोगशाळेत गेलो, तर "नोंदणी क्रमांक सांगा". तो कुठे होता? त्याच मोबाइलमध्ये! वर सासऱ्यांचं म्हणणं, मुलगा आमचा, तर पैसे आमच्या खात्यात यायला हवेत. तिचं स्वतःचं बँकेत खातंच नव्हतं. आधी ते उघडलं. त्यासाठी रहिवासाचा पुरावा हवा, आणि रेशनकार्डावर तिचं नाव चढवलेलंच नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती हो!

ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयानं हे बरंच सोपं केलं. दाखल्यावर 'कोरोना' लिहिलं नाही एवढ्यावरून कुणाला नाकारायचं नाही, तपासणीनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो धरायचा, तक्रारीसाठी जिल्ह्यात समिती हवी. आणि मग काय दिसलं? जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात नोंदवलेले मृत्यू होते एक लाख ४१ हजारांच्या आसपास, आणि मदतीसाठी आलेले अर्ज दोन लाखांच्या वर. गुजरातेत नोंद दहा हजारांची आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. काही अर्ज दुबार असतील, काही खोटेही असतील, मी नाही म्हणत नाही. पण एवढा मोठा फरक सगळा खोट्यांचा नसतो.

आपल्या मुलीला मात्र पैसे मिळाले, नवव्या खेपेला. त्यातून आधी उधारी फिटली.

घरातल्या मारहाणीबद्दल वेगळं काय सांगू? राष्ट्रीय महिला आयोगानं एप्रिल २०२० मध्ये तक्रारीसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला, चांगलंच केलं. पण घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा चोवीस तास घरात. माहेरी जायचं तर पास हवा. नवरा मारतो, हे कारण सांगून पोलिसांकडे पास मागायला कोण जाणार?

१८९७ च्या कायद्याला २०२० मध्ये दुरुस्ती झाली, डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आली. ती हवीच होती. २०२४ मध्ये विधी आयोगानंही सांगितलं, की हा कायदा अपुरा आहे, मोठी दुरुस्ती करा किंवा नवा सर्वंकष कायदा आणा. आणाच. पण त्यात हुकमाच्या कलमाशेजारीच लिहा, की बंदी ज्या दिवशी लागेल त्याच दिवसापासून मोजणी सुरू होईल. कोण अडकलं, कोण उपाशी आहे, कोण गेलं. आणि ती मोजणी सरकार करील. बाईनं नऊ खेपा घालून ती करायची नाही.

अर्थात काही कागद आपल्याही हातात असतात. टाळेबंदीत कामवाल्यांना गेटवर अडवलं ते बऱ्याच ठिकाणी सोसायट्यांच्या कमिट्यांनी, सरकारनं परवानगी दिल्यावरसुद्धा. किती जणींचे पगार चालू राहिले, ते आपलं आपल्याला माहीत. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा राज्य सरकारनं घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, पण फक्त नोंदणी असलेल्यांना. घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आपल्याकडे २००८ पासून आहे, तरी आमच्या वस्तीतल्या बहुतेक जणींची नोंदणी नव्हती. कारण त्या फॉर्मला, जिथे काम करते त्या घरच्या मालकिणीचं प्रमाणपत्र जोडावं लागायचं.

नंतर आम्ही वस्तीत नोंदणीचं शिबिर घेतलं, तेव्हा बायका फॉर्म घेऊन आमच्याच बिल्डिंगमध्ये फिरल्या. मी सही केली. समोरच्या वहिनींनी फॉर्म दोनदा वाचला, परत दिला आणि मला हळूच विचारलं, "सही केली नि उद्या हिनं रजेचे पैसे मागितले, तर गं?"