सैनिकाच्या कागदावरचा शेरा

फौजेतला मुलगा मुदतीआधीच घरी परतला, की 'पाठीचे दुखणे निघाले' असे सांगितले जाते. आमच्या जुळे सोलापुरात मी हे दोन घरांत पाहिले. कागदावर 'स्किझोफ्रेनिया' असे लिहिलेले. पण धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते ना! या लपवाछपवीत अपिलाची मुदत टळते आणि अपंगत्वाचे हक्काचे निवृत्तिवेतनही हातचे जाते.

मला खटकतो तो त्याच कागदावरचा दुसरा शेरा : 'आजाराचा सेवेशी संबंध नाही.' भरतीच्या वेळी याच मुलाला लष्कराच्या डॉक्टरांनी धडधाकट ठरवले होते. मग पुढच्या सात-आठ वर्षांत काय घडले, हे कोणी सिद्ध करायचे? सरकारने, की त्याच्या आईने? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात याचे उत्तर दिले आहे. भरतीच्या नोंदीत आजार नसेल, तर तो सेवेमुळे जडला असे गृहीत धरायचे. तसे नसल्यास पुरावा सरकारने द्यायचा आणि वैद्यकीय मंडळाने कारणे लिहायचीच. मे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या एका सैनिकाच्या बाबतीत न्यायालयाने हेच पुन्हा बजावले.

पण निकालपत्र घरोघरी पोचत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढायची, तर आधी गल्लीतल्या नजरा चुकवाव्या लागतात. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे; सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघाले की सकाळी तिथे. त्या मुलाबरोबर जायला मात्र सख्खा काकाही तयार होत नाही.