मदत नव्हे, परतफेड!

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांसाठी दरसाल ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे मान्य केले. तेही २०३५ पर्यंत! मागणी होती १,३०० अब्जांची. भारताच्या प्रतिनिधींनी हा ठराव तेथल्या तेथे अमान्य केला, हे योग्यच झाले.

या रकमेला ‘मदत’ म्हणणे हीच मुळात लबाडी आहे. कोळसा व तेल जाळून ज्यांनी आपली समृद्धी उभारली, त्यांनी मानवजातीच्या सामाईक आकाशावर अतिक्रमण केले. त्याची भरपाई हे दान नव्हे, देणे आहे. आणि या ऋणकोंची पत काय? राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्का भाग परदेशांच्या विकासासाठी द्यावा, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव १९७० सालचा. तो पाळणारे देश आजही बोटांवर मोजण्याइतके. २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर देण्याचे कोपनहेगनचे वचन २०२२ साली पुरे झाले आणि त्यातील सरकारी पैशाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग कर्जरूप होता. ब्रिटनने २०२५ मध्ये संरक्षणखर्च वाढवण्यासाठी मदतीला कात्री लावली. अमेरिकेने पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा हुकूम काढला आणि आपली मदतसंस्थाही मोडीत काढली.

आपल्याच राज्यात पाहा. विदर्भ-मराठवाड्यातील शेती हवामानबदलास तोंड देण्याजोगी व्हावी, म्हणून २०१८ मध्ये जागतिक बँकेकडून ४२ कोटी डॉलर आले, ते कर्ज म्हणून. कर्ज घेणे पाप नव्हे. परंतु ज्याने वणवा लावला त्यानेच पाण्याचे पैसे व्याजासह मागावेत, हा न्याय कुठला?

मात्र बाकूत न्यायाची भाषा बोलणाऱ्यांनी ती मावळातही बोलली पाहिजे. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील पाणी घाटाखाली सोडून १९१५ पासून खोपोलीत वीज होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापट व मावळे सत्याग्रहास उभे राहिले. तरीही धरण झालेच. ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनी, पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला व तिघे मृत्युमुखी पडले. विकास शहराचा, किंमत खेड्याची, हा हिशेब शंभर वर्षांत बदललेला नाही.

आता त्याच शिरवट्यास १,८०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प योजिला आहे. भिवपुरीच्या १,००० मेगावॅटसह सुमारे १३,००० कोटी रुपयांचा करार टाटा पॉवरने २०२३ साली राज्य सरकारशी केला. मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे व मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी ही योजना. सूर्य मावळल्यावरही वीज हवी, तर अशी साठवण लागेल. तिला आमचा आंधळा विरोध नाही. परंतु पृथ्वी वाचवण्याच्या नावाखाली पुन्हा मावळच्याच माणसाने किंमत मोजायची काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पवना धरणग्रस्तांचे रखडलेले पुनर्वसन आधी पुरे करा. प्रकल्पाचा संपूर्ण आराखडा मराठीत ग्रामसभांपुढे ठेवा. विजेच्या उत्पन्नातील कायमचा हिस्सा कायद्याने त्या गावांना द्या. आणि परदेशातून येणाऱ्या हवामाननिधीतील अनुदान किती व कर्ज किती, हे विधिमंडळात दरसाल सांगा.

श्रीमंत राष्ट्रांपुढे आपण जो न्याय मागतो, तोच मावळातील कातकऱ्यास व अल्पभूधारकास देण्याची तयारी नसेल, तर बाकूत केलेला निषेध पोकळ ठरेल. साथींनी हा प्रश्न गावोगावच्या ग्रामसभांत नेला पाहिजे. न्याय परदेशात मागायचा असेल, तर तो आधी घरात पाळावा लागतो.