पाणी राष्ट्राचे, वाट मालकाची!

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर, कॅरिबियन समुद्राच्या काठी तुलुम नावाचे गाव आहे. पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी जगभरचे पर्यटक तेथे जातात आणि जवळच्या जंगलातील 'सेनोते' नावाच्या डोहांत पोहतात. चुनखडीच्या खडकाचे छत कोसळून हे डोह तयार झाले. पाणी इतके नितळ, की तळाचा दगड दिसावा. अमेरिकेत नोकरी करणारी आमच्या समाजाची मुलेही आता सुट्टीत तिकडे जातात. त्यांनी जरूर जावे, मनसोक्त पोहावे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या पाणवठ्याला शिवू दिले जात नव्हते, त्यांच्या लेकरांनी जगातल्या सुंदर डोहात सूर मारावा, याचा आम्हाला आनंदच आहे. पण चवदार तळ्याच्या वारसदारांनी पाण्यात उतरण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हे पाणी कोणाचे?

युकातानच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीतच. पाऊस चुनखडीत मुरतो आणि भुयारांतून वाहतो. त्यामुळे तेथील मूळनिवासी माया लोकांना सेनोते म्हणजे मौजेची जागा नव्हती, ती पिण्याच्या पाण्याची विहीर होती. त्यांची गावे आणि नगरे या पाण्याच्या आधाराने वसली. चिचेन इत्सा या प्रसिद्ध नगराच्या नावाचा अर्थच मुळी 'इत्सांच्या विहिरीच्या तोंडाशी' असा आहे.

या भूमीवर १८४७ साली मायांनी मोठे बंड केले. इतिहासात त्याचे नाव काय आहे? 'जातींचे युद्ध'! स्पॅनिश-पोर्तुगीज 'कास्ता' या शब्दावरूनच इंग्रजीतला 'कास्ट' आला आणि तो आमच्या कपाळी चिकटला. वास्तविक मायांची भांडणे होती ती बळकावलेल्या जमिनींची, जाचक करांची आणि चर्चला द्याव्या लागणाऱ्या पैशांची. परंतु गोऱ्या जमीनदारांनी त्याला जातींचे युद्ध म्हटले. हक्क मागणाऱ्यालाच जातीयवादी ठरवण्याची ही युक्ती आमच्या चांगल्या परिचयाची आहे. या लढ्यात पकडलेल्या मायांना क्युबात मजूर म्हणून विकण्यात आले. तो व्यापार १८६१ मध्ये बेनितो हुआरेस या मूळनिवासी राष्ट्राध्यक्षाने बंद केला. १९०१ मध्ये लष्कराने बंडखोरांची राजधानी चान सांता क्रूझ जिंकली. ती राजधानीही एका सेनोतेपाशीच उभी राहिली होती.

पुढे १९१७ च्या संविधानाच्या कलम २७ ने देशातील जमीन आणि पाणी मुळात राष्ट्राचे असल्याचे जाहीर केले. गावकऱ्यांना 'एहिदो' म्हणजे सामाईक जमिनी मिळाल्या. मात्र १९९२ च्या दुरुस्तीने या जमिनी खासगी हाती जाण्याचा मार्ग मोकळा केला, आणि दरम्यान किनाऱ्यावर पर्यटनाचा पैसा ओतला जात होता. परिणाम काय झाला? पाणी राष्ट्राचे राहिले, पण पाण्यापर्यंतची वाट मालकाची झाली. नावाजलेल्या सेनोतेंवर माणशी काहीशे पेसो मोजावे लागतात. २०२५ मध्ये मेक्सिकोतील दिवसाचे किमान वेतन सुमारे २७९ पेसो होते. म्हणजे हॉटेलात चादरी बदलणाऱ्या माया बाईने आपल्याच पूर्वजांच्या पाण्यात उतरायचे, तर एखाद्या दिवसाची मजुरी गेलीच. समुद्रकिनाऱ्याचेही तेच. कायद्याने किनारे सर्वांचे, तरीही लोकांची वाट अडवणाऱ्यांना दंड करण्याची तरतूद २०२० मध्ये करावी लागली.

हे वाचून महाड आठवले नाही, तर नवल! १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले होते. तरीही बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह चालत जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. तेथे वाट जातीने अडवली होती, येथे ती तिकिटाने अडते. दोन्ही अन्याय एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु कागदावर खुले झालेले पाणी आपोआप माणसाच्या ओंजळीत येत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

कोणी म्हणेल, देखभालीला खर्च येतो, मग तिकीट का नको? आमचा विरोध तिकिटाला नाही. तो पैसा कोणाच्या खिशात जातो, हा आमचा सवाल आहे. तुलुमजवळचा 'दोस ओहोस' हा प्रख्यात सेनोते एका एहिदोच्या जमिनीवर आहे, आणि त्या एहिदोचे नाव आहे हासिंतो पात. १८४७ च्या बंडाच्या अग्रणी नेत्याचेच हे नाव! जेथे गाव पाणी राखते, तेथे पैसा गावाला मिळण्याची शक्यता तरी असते. शिवाय सच्छिद्र चुनखडीमुळे हॉटेलांचे सांडपाणी थेट भूगर्भात उतरते. 'माया' हेच नाव दिलेल्या रेल्वेसाठी याच भुयारांच्या छतांतून खांब ठोकले गेले. नाव मायांचे, पाणीही मायांचे, आणि विकास मात्र दुसऱ्यांचा!

म्हणून तिकडे जाणाऱ्या आमच्या तरुणांना सांगणे आहे. चौकशी करा, माया गावकरी स्वतः चालवतात तो सेनोते निवडा. अंगाला क्रीम-तेल फासून त्यांच्या पिण्याच्या पाण्यात उतरू नका. आणि परत आल्यावर आपल्या कोकणात, गोव्यात किनाऱ्याच्या वाटा कोण अडवत आहे, तेही डोळे उघडे ठेवून पाहा. पाण्यावरचा हक्क महाडला मिळवला, तो राखणे आता तुमच्या हाती आहे.