एआरटी केंद्रात हाही प्रश्न विचारा

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१० साली जाहीर झाले, तेव्हा एड्सविरोधी कामाला मोठी उभारी मिळाली. टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाचं जेल योनीत लावणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीची लागण ३९ टक्क्यांनी घटली होती. नवरा निरोध वापरेल की नाही याची वाट न पाहता बाईला स्वतः वापरता येईल असं ते साधन! पण ते सगळ्यांना सारखं पावलं नाही. जेल नियमित न लावणं हे एक कारण होतंच. दुसरं उलगडलं २०१७ मध्ये. योनीत लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं प्राबल्य असलेल्यांना ६१ टक्के संरक्षण मिळालं, इतरांना जेमतेम १८ टक्के. गार्डनेरेला नावाचे जिवाणू औषधच फस्त करत होते.

लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करून योनी आम्लधर्मी ठेवतात, आणि त्या आम्लात उपद्रवी जंतूंचं फारसं फावत नाही. दही लावणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद असले, तरी दह्याचे घरगुती प्रयोग हा उपचार नव्हे. लॅक्टोबॅसिलसची जागा इतर जंतूंनी घेतली की पातळ, वास येणारा स्राव जाऊ लागतो.

आधीच एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना हा त्रास जास्त होतो आणि प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर तो चिवटपणे टिकतो. बिघडलेल्या जिवाणू-वस्तीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा एचपीव्ही विषाणूही मुक्काम ठोकतो. या कर्करोगाचा धोका एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना इतरांच्या सहापट असतो, हे लक्षात घेतलं तर ‘अंगावरून पांढरं जाणं’ किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

तरीही बायका ते अंगावर काढतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यात एचआयव्हीचा शिक्का बसलेली बाई हे दुखणं आपणहून कुणाला सांगेल?

म्हणून विचारायला हवं ते एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राने. गोळ्या मोजताना, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाचा, कागद बघतानाच समुपदेशक ताईंनी अंगावरून जाण्याबद्दल सहज चौकशी करावी आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीची तारीखही तिथेच ठरवावी. व्हायरल लोड नियमित औषधांनी दबलेला असेल तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हेही त्याच वेळी सांगावं. नाहीतर पांढरं जाण्यामुळे जोडीदाराला लागण होईल, अशी नवी भीती रुजेल. आणि पांढरं जाणं हा अस्वच्छतेचा रोग नाही. उलट आतून धुण्याने जिवाणूंचा तोल आणखी ढळतो.

यावरचं मेट्रोनिडाझोल हे औषध स्वस्त आहे, पण वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना त्रास उलटतो. ऑस्ट्रेलियात नवऱ्यावर किंवा जोडीदारावरही उपचार केले, तेव्हा बारा आठवड्यांत त्रास उलटण्याचं प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष २०२५ चे आहेत. इथल्या दवाखान्यांनी आता नवऱ्यालाही बोलावणं धाडायला हरकत नाही.