बचावाचा पहिला शब्द : 'दिवाणी'

सदनिकेच्या व्यवहारात फसवणूक झाल्याची फिर्याद दाखल होताच विकासकाचा बचाव ठरलेला असतो : हा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. हा बचाव पोकळ नाही. केवळ करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे. हेतू आरंभापासूनच अप्रामाणिक असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात स्पष्ट केले. जामीन हे पैसे वसुलीचे साधन नव्हे, असेही याच न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. २०२४ मध्ये कलम ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले, तरी कसोटी तीच राहिली.

मात्र एकच सदनिका दोघांना विकली असेल किंवा मंजुरीच नसलेला मजला विकला असेल, तर हाच बचाव लंगडा पडतो. कारण तेथे हेतू कागदच सांगतात. म्हणूनच नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास 'रेरा' कायद्याने केलेली मनाई महत्त्वाची ठरते. ताबा नुसताच रखडला असेल, तर त्याच कायद्याचे कलम १८ व्याजासह परतावा मिळवून देऊ शकते. तेथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. चुकीचे दार ठोठावल्यास मात्र आयुष्यभराच्या पुंजीबरोबर हाती असलेली वर्षेही जातात.