गेम घेण्याआधी विचारा: यात काय सांगितलेलं नाही?

गेम खेळणाऱ्या मुलामुलींनो, त्यासाठी पैसे मोजणाऱ्या आईबाबांनो आणि मराठीतून गेमचे व्हिडिओ करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

दिवाळीची सुट्टी जवळ आली की गेमच्या ऑनलाइन दुकानांत सेल लागतात आणि ‘हा गेम चुकवूच नका’ म्हणणारे व्हिडिओ एकामागून एक मोबाइलवर येऊ लागतात. प्लेस्टेशनचा नवा, मोठा गेम घ्यायचा तर आज चार-पाच हजार रुपये लागतात. बहुतेक घरांत ही रक्कम सहज उचलून देण्यासारखी नसते. ती द्यायची की नाही, हे मात्र पुष्कळदा एकाच गोष्टीवर ठरतं: आवडता यूट्यूबर काय म्हणाला. म्हणून ही कळकळीची विनंती. यंदा पैसे भरण्याआधी त्या व्हिडिओत काय सांगितलं ते ऐकाच, पण काय सांगितलेलं नाही तेही शोधा.

पैसे देऊन स्तुती करवून घेता येते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कंपन्यांच्या लेखी स्तुतीइतकंच मोल मौनालाही असतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. भडक स्तुती कानाला खटकते, संशय येतो. जे बोललंच गेलं नाही, त्याचा संशय येणार कसा?

ही हवेतली शंका नव्हे, सरकारी कागदपत्रांत याची नोंद आहे. २०१४ साली वॉर्नर ब्रदर्सने ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ हा गेम बाजारात आणला. प्रचारासाठी एका जाहिरात कंपनीमार्फत नावाजलेल्या यूट्यूबरना गाठण्यात आलं. कुणाला काहीशे डॉलर मिळाले, तर कुणाला दहा हजारांच्या पटीत. वर इतरांच्या आधी गेम फुकट. बदल्यात काय करायचं ते करारात लिहून दिलं होतं: गेमबद्दल अनुकूल मत तयार करायचं, कंपनीविषयी किंवा गेमविषयी वाईट बोलायचं नाही, आणि गेममधला एखादा बग किंवा ग्लिच पडद्यावर दिसू द्यायचा नाही.

पैसे घेतल्याचं सांगायची सूचनाही होती. पण कुठे? व्हिडिओखालच्या वर्णनाच्या चौकटीत. त्या चौकटीत आधी इतर मजकूर भरायचा होता, त्यामुळे बहुतेकांचा हा उल्लेख ‘आणखी दाखवा’वर बोट ठेवल्याशिवाय दिसतच नव्हता. काहींनी तर गेम लवकर खेळायला मिळाल्याचं तेवढं लिहिलं, पैशांचं नावही काढलं नाही. हे व्हिडिओ ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले. त्यातला प्यूडीपायचा एकट्याचा व्हिडिओ ३७ लाख वेळा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली आणि २०१६ च्या जुलैत वॉर्नरशी तडजोड झाली. यापुढे असा व्यवहार प्रेक्षकांपासून लपवायचा नाही, असं कंपनीवर बंधन आलं. दंड मात्र झाला नाही.

आणि गेम वाईट होता म्हणावं, तर तसंही नाही. २०१५ च्या गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत तो वर्षाचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला. इतका सकस माल हाती असूनही कंपनीला तोंडं बंद ठेवावीशी वाटली. अर्धवट शिजलेला गेम विकायचा असेल तेव्हा काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

हे एकच उदाहरण नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स वन’ हा कन्सोल २०१३ मध्ये आला, तेव्हा मशिनिमा या यूट्यूब नेटवर्कने त्याच्या प्रचाराचं काम घेतलं. एका यूट्यूबरला दोन व्हिडिओंसाठी १५ हजार डॉलर, दुसऱ्याला ३० हजार डॉलर. एक्सबॉक्सला किंवा त्याच्या गेमना वाईट रंगात दाखवायचं नाही, ही अट इथेही होती. २०१५ मध्ये याही प्रकरणात कमिशनने बडगा उगारला. यानंतर कंपन्या शहाण्या झाल्या असतील, असं वाटलं असेल तर अगदी अलीकडचं पाहा. मे २०२४ मध्ये ‘मार्व्हल रायव्हल्स’ची चाचणी सुरू झाली. लवकर खेळायला मिळावं म्हणून व्हिडिओकारांपुढे जो करार ठेवला, त्यात गेमची निंदा नको, थट्टा नको आणि ‘व्यक्तिनिष्ठ नकारात्मक परीक्षण’ही नको, असं कलम होतं. परीक्षण म्हणजे मुळातच कुणातरी व्यक्तीचं मत. ते अनुकूल असलं तर चालतं आणि प्रतिकूल असलं की ‘व्यक्तिनिष्ठ’ ठरतं, असा हा न्याय! काही व्हिडिओकारांनी तो कागद जगासमोर आणला, गदारोळ झाला, आणि नेटईझ या कंपनीला माफी मागून कलम बदलावं लागलं. एरवी ते कुणाच्या दृष्टीस पडलं असतं?

नोकरीवर असलेले पत्रकार यातून सुटतात, असं समजू नका. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉट या गेमविषयक संकेतस्थळाचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ला दहापैकी सहा गुण दिले. त्याच वेळी गेमस्पॉटची पानं त्या गेमच्या जाहिरातींनी मढली होती. महिना संपायच्या आत गर्स्टमन यांची नोकरी गेली. कारण सांगायला करारामुळे त्यांना बंदी होती, ती उठली २०१२ मध्ये. तेव्हा त्यांनी सांगितलं, की प्रतिकूल परीक्षणांमुळे जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या येत होत्या आणि व्यवस्थापन त्यापुढे नमलं. वाचकांना खरं कळायला चार वर्षांहून जास्त काळ गेला.

काही वेळा पैशांचीही गरज पडत नाही. गेम कुणाला, कधी आणि कोणत्या यंत्रावर खेळायला द्यायचा, हे कंपनीच्या हातात असतं, तेवढं पुरतं. १० डिसेंबर २०२० ला ‘सायबरपंक २०७७’ आला. त्याआधी परीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवर चालणारी प्रत मिळाली होती, आणि परीक्षणाच्या व्हिडिओत स्वतः खेळतानाचं चित्रण वापरायला मनाई होती, कंपनीने दिलेली दृश्यंच वापरायची. गुण भरभरून पडले. ज्यांनी तो जुन्या प्लेस्टेशन ४ वर आणि एक्सबॉक्स वनवर घेतला, त्यांच्या पुढ्यात अडखळणारा, मध्येच बंद पडणारा गेम आला. आठवडाभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. तो परत आला पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. इथे परीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. जे पाहायचं होतं, ते त्यांना दाखवलंच नव्हतं.

तोंड उघडलं तर दारं बंद होतात, हेही घडलं आहे. कोटाकू या गेमविषयक संकेतस्थळाने बेथेस्डा आणि युबीसॉफ्ट या गेम कंपन्यांच्या येऊ घातलेल्या गेमची माहिती आधीच छापली, तर दोन्ही कंपन्यांनी त्याच्याशी संपर्क तोडला. परीक्षणासाठी प्रती येणं बंद झालं. कोटाकूने २०१५ मध्ये हे स्वतःच जाहीर केलं.

परीक्षण होऊन गेल्यावर गेम बदलतो, ही आणखी एक मेख. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड’ जून २०१९ मध्ये आला, त्याची परीक्षणं झाली, गुण लागले. खऱ्या पैशांनी नाणी विकत घ्यायची सोय त्यात ऑगस्टमध्ये आली. जूनचं परीक्षण वाचून सप्टेंबरमध्ये मुलाच्या हाती गेम देणाऱ्या बापाला ती कुठे कळणार?

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. परीक्षणासाठी मोफत प्रत घेणं हा गुन्हा नाही. ती न घेता गेम येण्याआधी परीक्षण लिहिता येत नाही, आणि अशी प्रत घेऊनही गेमची साल काढणारे प्रामाणिक लोक भरपूर आहेत. प्रायोजकाच्या पैशांवर चॅनेल चालवणं हाही गुन्हा नाही, पोट सगळ्यांनाच आहे. तेव्हा या आवाहनाचा आधार घेऊन कुणावर तुटून पडू नका. २०१४ मध्ये ‘गेमरगेट’च्या नावाखाली हेच झालं. पत्रकारितेतल्या नीतीची भाषा करत झुंडींनी गेम बनवणाऱ्या आणि गेमवर लिहिणाऱ्या बायकांना धमक्या दिल्या, काहींना घर सोडावं लागलं. त्याने परीक्षणं सुधारली नाहीत. व्यवहार उघड असावा एवढंच आपलं मागणं आहे. ते नम्रपणे आणि न थकता मागत राहायचं.

आणि हे मागायला आपल्या हातात कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी सरकारने नियमांची पुस्तिका काढली. तीत म्हटलं आहे, की पैसे, भेटवस्तू, सहली, सवलती आणि फुकट मिळालेली वस्तू, यांपैकी काहीही घेतलं असेल तर ते सांगायचं. म्हणजे फुकटात आलेली गेमची ‘की’, गेम सुरू करायचा कोड, हीसुद्धा यात मोडते. सांगायचं तेही व्हिडिओतच, नुसतं वर्णनात नव्हे. आवाजातही आणि पडद्यावरही. लाइव्ह स्ट्रीम असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर दिसेल असं. वॉर्नरने जी पळवाट वापरली, ती आपल्याकडच्या नियमांत बंद आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तोच प्रकार झाला तर ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्याला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत आणि पुढे तीन वर्षांपर्यंत शिफारशी करायला बंदी घालता येते. हे सगळं कागदावर आहे. तक्रार करणारं कुणी नसेल, तर ते कागदावरच राहील.

म्हणून प्रत्येकाला हात जोडून मागणं.

खेळणाऱ्यांनो,

१. आगाऊ नोंदणी करू नका. डिजिटल गेमचा साठा संपत नसतो. गेम येऊन आठवडा जाऊ द्या. पैसे भरून खेळलेल्यांचं म्हणणं वाचा आणि मग ठरवा.

२. ज्या यंत्रावर तुम्ही खेळणार, त्याच यंत्रावरचं चित्रण शोधा. तुमच्याकडे जुना कन्सोल किंवा साधा लॅपटॉप असेल, तर महागड्या कॉम्प्युटरवरचा देखणा व्हिडिओ तुमच्या काही कामाचा नाही.

३. परीक्षणात गेमचा एकही दोष सांगितलेला नसेल, तर ते बाजूला ठेवा आणि दुसरं शोधा.

४. स्टीमवर प्रत्येक परीक्षणासोबत ते लिहिणारा किती तास खेळला ते दिसतं, आणि प्रत फुकट मिळाली असेल तर तशी नोंदही असते. ती आधी पाहा. गेम घेऊन फसलात, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागा. पहिले दोन तास गेम तपासण्यात घालवा.

आईबाबांनो,

मुलाने व्हिडिओ दाखवला तर तो सुरुवातीपासून पाहा. प्रायोजकत्वाचं यूट्यूबचं लेबल पडद्यावर पहिले काही सेकंदच राहतं, आणि तेही व्हिडिओ करणाऱ्याने स्वतः खूण केली असेल तरच. मुलाला रागावू नका, त्याला विचारा: या दादाला हा गेम कुणी दिला? त्याने यातलं काय वाईट सांगितलं? गेममध्ये पुढे आणखी पैसे लागतात का? हे प्रश्न एकदा अंगवळणी पडले, की पुढे ते मुलं स्वतःच विचारतात. व्हिडिओ पैसे लावून खेळायच्या गेमचा असेल, तर मात्र विषयच संपला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने असे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्हींवर बंदी आणली आहे.

मराठीतून व्हिडिओ करणाऱ्यांनो,

सगळ्यांत जास्त भरवसा तुमच्यावर आहे. आपल्या भाषेत गेमबद्दल बोलणारे मोजकेच आहेत, त्यामुळे तुमचा शब्द एखाद्या परक्या चॅनेलपेक्षा घरात जास्त वजनदार ठरतो. तो राखा. पैसे घेतले असतील, ‘की’ फुकट आली असेल, कंपनीने प्रवासखर्च दिला असेल, तर पहिल्याच मिनिटाला, स्वच्छ मराठीत, तोंडाने सांगा. काय बोलायचं नाही याची अट करारात असेल, तर सही करू नका. आणि करायचीच ठरवलीत, तर त्या व्हिडिओला परीक्षण म्हणू नका, जाहिरात म्हणा. ‘मार्व्हल रायव्हल्स’चं कलम बदललं, ते काही व्हिडिओकारांनी ते चारचौघांत वाचून दाखवल्यामुळे. तुमच्याकडे असा कागद आला, तर तुम्हीही वाचून दाखवा.

आणि सगळ्यांनीच हे करायचं आहे. लपवलेली जाहिरात दिसली, तर व्हिडिओचा दुवा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. खाली कमेंटमध्ये सभ्य शब्दांत एकच प्रश्न टाका: ‘यासाठी काही मिळालं का, आणि काही न बोलण्याची अट होती का?’ उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. एकट्याच्या तक्रारीने कंपनी हलणार नाही, शंभरांच्या तक्रारींची दखल घ्यावी लागते. सेल लागण्याआधी हे आवाहन तुमच्या ग्रुपवर, सोसायटीत आणि मुलांच्या शाळेत पोहोचवा. कष्टाचे पैसे आपले आहेत. प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच आहे, आणि तो आपल्या वतीने दुसरं कुणी बजावणार नाही.